रिंग आली का?

पंपवाल्यांनी आयुष्यात दोन गोष्टी कधी दुसऱ्याच्या हाती दिल्या नाहीत. एक गावाला पाणी पुरवणारा मोठा पंप आणि दुसरी घरची मोटार. पंप नोकरीबरोबर गेला. मोटार उरली होती, आणि तीही मागायला आता पोटची लेक येऊन बसली होती.

लेकीचं तरी काय चुकत होतं? मागे एकदा पंपवाले पेट्रोल भरायला म्हणून निघाले, ते थेट जुन्या पंपघराच्या फाटकापाशी जाऊन थांबले. "माझी ड्यूटी आहे, उघडा," म्हणून बसून राहिले. शेवटी तिथल्या पहारेकऱ्याने त्यांना घरी आणून सोडलं. तेव्हापासून काकूंचा जीव टांगणीला लागलेला. गल्लीतली सगळी माणसं पंपवाल्यांच्या बायकोला काकूच म्हणत.

"बाबा, किल्ली द्या," लेक म्हणाली.

"का? मला गाडी कळत नाही? अगं, तू रांगत होतीस तेव्हापासून हिचं तेल मी घरी बदलतोय. गॅरेजवाल्याला बॉनेटसुद्धा उघडू दिलं नाही."

"मग आज बदलून दाखवा. नीट झालं तर मी पुन्हा तोंडातून शब्द काढणार नाही. नाही झालं तर किल्ली माझी."

"झालंच म्हणून समज," पंपवाले म्हणाले आणि जुना शर्ट शोधायला आत गेले.

काकू मुकाट्याने उठल्या. चिंध्या घेतल्या, टॉर्च घेतला, बसायला बुटकं स्टूल घेतलं. त्यांची शाळा दुसरीत सुटली, पण मोटारीच्या पोटातली शाळा नवऱ्याने पुरी करून घेतली होती. लोक डोळ्यांत तेल घालून संसार राखतात, आमचे हे गाडीत तेल घालून राखतात, असं त्या शेजारणींना सांगत. पण मनातून त्यांना ते काम आवडायचं. एरवी पंपवाले दिवसाकाठी चार वाक्यं बोलणारा माणूस. गाडीखाली शिरले की तोंड सुटायचं. लग्नानंतरच्या सगळ्या गप्पा काकूंनी त्यांच्या पायांशीच मारल्या, कारण बाहेर तेवढेच दिसायचे.

पंपवाल्यांनी इंजिन थोडं गरम केलं. पुढची चाकं लोखंडी चढावावर घेतली, मागच्या चाकांना विटा लावल्या. सगळं कसं बिनचूक. खालचा बोल्ट सुटला, काळं तेल पसरट डब्यात पडू लागलं. दारात उभ्या लेकीकडे काकूंनी जरा ऐटीतच पाहिलं.

मग निघाला जुना फिल्टर. मुठीएवढा तो डबा गाडीखालून बाहेर आला आणि काकूंनी तो हातात घेतला. आता खालून आवाज यायचा, "रिंग आली का?" फिल्टरच्या तोंडाला रबराची रिंग असते. कधी कधी ती इंजिनालाच चिकटून राहते. तिच्यावरच नवा फिल्टर बसवला की रिंगेवर रिंग होते, आणि गाडी चालू करताच तेल बाहेर. म्हणून पंपवाले विचारायचे आणि काकू बोट फिरवून "आली" म्हणायच्या. त्याशिवाय नव्या फिल्टरला हात लागत नसे.

आज खालून आवाज आलाच नाही.

काकूंनी बोट फिरवलं. बोटाला नुसता पत्रा लागला.

त्या वाकून हळूच म्हणाल्या, "अहो, रिंग नाही आली."

"आली."

"नाही हो. वर चिकटली असेल. बघा तरी."

"तुला काय कळतंय त्यातलं!"

असं ते कधी बोलले नव्हते. स्वयंपाकावरून बोलले, माहेरावरून बोलले, पण या कामात कधी नाही. काकूंनी मागे पाहिलं. लेक कान देऊन उभी होती. आणखी एकदा म्हणावं तर किल्ली गेली. न म्हणावं तर तेल गेलं. कदाचित यांनी बोटाने काढलीही असेल रिंग, आपल्याला दिसली नसेल, अशी काकूंनी मनाची समजूत घातली. समजूत काय, घालू तशी बसते. त्यांनी नवा फिल्टर गाडीखाली सरकवला.

नवा फिल्टर बसला. बोल्ट आवळला. नरसाळ्याने नवं तेल ओतलं. पंपवाल्यांनी तेल मोजायची पट्टी काढून पाहिली, पुसली, पुन्हा पाहिली. मग ते मोठ्या रुबाबात गाडीत बसले आणि किल्ली फिरवली.

इंजिन छान लागलं. आणि लगेच गाडीखालून तेलाचा ओहोळ निघाला, सोनेरी, नवंकोरं तेल, थेट लेकीच्या चपलांपर्यंत.

"बाबा, बंद करा!"

पंपवाल्यांनी गाडी बंद केली. उतरले. गुडघ्यांवर हात ठेवून खाली पाहिलं आणि भडकले. "कोणी केलं हे गाढवाचं काम? रिंगेवर रिंग बसवलीय! कोणी हात लावला माझ्या गाडीला?"

लेकीचा चेहरा उतरला. तिने तोंड उघडलं, पण काकूंनी तिच्याकडे असं काही बघितलं की ते तसंच मिटलं.

"मी," काकू म्हणाल्या. "रिंग बघायचं माझ्याकडे असतं ना? विसरले मी."

पंपवाले त्यांच्याकडे बघत राहिले. काकूंना वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. पण त्यांचा राग पाण्यासारखा ओसरला. ते जवळ आले आणि तेलकट हाताने त्यांनी काकूंच्या हातातला टॉर्च काढून घेतला.

"असू दे गं. वय झालं तुझं. होतं असं."

"हो," काकू म्हणाल्या.

मग पंपवाल्यांनी गाडीची किल्ली काढली, चिंधीला पुसली आणि लेकीपुढे धरली. "घेऊन जा गाडी. तुझ्या आईला आता हे झेपत नाही. उद्या इंजिन जाम होईल आणि मी तिला नको ते बोलेन. मला नाही बोलायचं तिला."

लेकीने किल्ली घेतली. तिला रडू आवरेना, म्हणून ती फडकं शोधायच्या निमित्ताने आत पळाली.

काकू तेलावर भुसा पसरू लागल्या. पंपवाले शेजारच्या स्टुलावर टेकले आणि त्यांच्या प्रत्येक मुठीकडे लक्ष देऊन पाहू लागले.

"तिकडे राहिलंय बघ थोडं," ते म्हणाले. "घाबरू नकोस. काही आठवेनासं झालं तर मला विचारत जा."

"विचारीन ना," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी दाखवलेल्या जागी आणखी एक मूठ भुसा टाकला.