कूलरवरची ताडपत्री

परभणीत ऊन घरच्या माणसासारखं राहतं. पावसाळ्यात अधूनमधून तोंड लपवतं, पौषात थंडीला चार दिवस जागा देतं आणि माघ सरला की सामानासकट परत येतं!

या हवामानाचा आमच्या घरातला जाणकार मी. आभाळ बघून पावसाचं सांगायचो. (चुकलो, तर आभाळ चुकलं म्हणायचो.)

एकोणीस वर्षांपूर्वी वैशाखात माझ्या मुलीचं, मंदाचं लग्न होतं. तिच्या रुखवतासाठी थोरल्या वहिनींनी तीन दिवस गहू भिजवून, चीक शिजवून रंगीत कुरडया घातल्या. गच्चीवर दोन बाजांवर त्या वाळत होत्या. आमची ही साड्या घ्यायला निघाली.

"आभाळ आलंय वो. जाऊ का?"

"बिनधास्त जा. थेंब पडणार न्हाई!"

"जाऊबाई, ध्यान ठेवा. बाजेखाली ताडपत्री हाय."

होती! पण दुपारी पुन्हा ऊन निघालं आणि कूलरचं पाणी इतकं तापलं, की चहापत्ती टाकायचीच बाकी होती. कूलरला सावली हवी म्हणून ती ताडपत्री मी नेली, मागच्या खिडकीतल्या कूलरवर बांधली आणि आडवा झालो.

आणि अवकाळी आला. लिंबाएवढ्या गारा! गच्चीवरून वहिनी ओरडत होत्या, "भावजी, ताडपत्री कुठंय? अवो भावजी!"

कूलरच्या आवाजात ऐकू आलं नाही, असं मी आजवर सांगत आलो. ऐकू आलं होतं. वाटलं, इतक्या गार वाऱ्यातून कशाला उठा, दोन थेंब असतील! (जाणकार!)

उठलो तेव्हा कुरडयांचा पुन्हा चीक झाला होता. वहिनी कपाळावर टेंगूळ घेऊन अजून बाजेखाली शोधत होत्या. मी गुपचूप ताडपत्री सोडली आणि माळ्यावर फेकली.

ही आल्या आल्या वहिनींवर कडाडली, "सोताच्या पोरीचं रुखवत असतं, तर बरी सापडली असती!"

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं.

रुखवतात बाजारच्या कुरडया बसल्या. दोघी जावा एकाच अंगणात राहून त्या दिवसापासून बोलत नाहीत. वहिनींनी पुन्हा कधी कुरडया घातल्या नाहीत.

गेल्या वैशाखात नातवाच्या बारशाला सगळे जमले, तेव्हा मी उभा राहून सांगून टाकलं, "ताडपत्री मी नेली होती! वहिनींचा काही दोष न्हाई!"

"अगं बाई, बाबांना ऊन लागलं!" सून ओरडली. मुलानं पन्हं आणलं. ही माझ्या टाळूवर कांद्याचा रस चोळायला लागली.

"अगं, खरं बोलायलोय मी!"

"हो, हो. पडा गुमान."

भिंतीला टेकलेल्या वहिनी शांतपणे म्हणाल्या, "त्यांना कूलरम्होरं निजवा. तिथं त्यांना हाका ऐकू येत न्हाईत."

मला निजवलं. खोटं कशाला सांगू, झोप लागली.

उन्हाचं नाव पुढे येऊ नये, म्हणून हे आता पौषात, कानटोपी घालून लिहून काढलं आणि हिला वाचून दाखवलं. हिनं माझ्या कपाळाला हात लावला. "थंडी बाधलीय तुमाला."

आता पावसाळ्यात पुन्हा सांगून बघेन. ही ऐकेल की नाही, याचा अंदाज मात्र मी देणार नाही.