खिळीला हात

मी आयुष्यात एकच नाटक लिहिलं आणि त्याचा मला फार माज होता. त्यात दोन भाऊ होते आणि एक खीळ. बैलगाडीचं चाक आसावरून निसटू नये म्हणून लावतात ती, बोटभर लोखंडाची. पहिल्या अंकात थोरला ती तेल लावून बसवतो. दुसऱ्यात धाकटा ती काढून हातात खेळवत बोलतो आणि परत लावतो. तिसऱ्यात ती धाकट्याच्या मुठीत असते आणि थोरल्याची गाडी नाल्याच्या उताराला लागते. खीळ दिसली की लोकांनी ओळखावं, आता काहीतरी बिनसणार. अमरावतीच्या हायस्कुलात चार बुकं शिकलो होतो, एवढी अक्कल मला होतीच.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला. आमचं गाव भातकुलीजवळ. वडील वांगी-मेथी पिकवून अमरावतीच्या बाजारात नेत. रंगीत तालमीच्या सकाळी मला लाकडाची खोटी खीळ पटेना. अंगणात आमचीच गाडी बैल सोडून उभी होती. मी तिची खीळ उपसून खिशात टाकली. संध्याकाळी परत लावू म्हटलं. वडील मळ्यात होते, त्यांना सांगायचं राहून गेलं.

दुपारी देवळामागच्या मांडवात तिसरा अंक रंगात आला होता. धाकट्याने मूठ उघडली, तेवढ्यात शेजारचा म्हातारा धापा टाकत आला.

"अरे, तू निंगाला अन् तुह्या बायकोले कळा सुरू झाल्या. सुईनीनं हात टेकले. तुहा बाप तिले गाडीत घालून अमरावतीले गेला!"

मी नटाच्या हातातून खीळ हिसकावली, तालीम बघायला आलेल्या शाळेच्या मास्तरांची सायकल उचलली आणि सुटलो. रस्त्याकडेचं प्रत्येक झुडूप मला उलटलेली गाडी वाटत होतं. ती मेली तर मी मारली, एवढंच डोक्यात होतं. इतका मी कधीच घाबरलो नव्हतो.

दोन कोसांवर गाडी दिसली. चालत होती. आई कासरा धरून बसली होती, आत सुईण आणि बायकोचं कण्हणं. वडील पायी, चाकाला लागून. खिळीच्या भोकात बाभळीची ओली खुंटी ठोकलेली होती आणि ती निसटते की काय म्हणून ते दर दहा पावलांवर वाकून चाचपत होते.

मी खीळ पुढे केली. त्यांनी खिळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. खुंटी काढून त्यांनी खीळ बसवली, वर चढून आईकडून कासरा घेतला.

"तुह्या नाटकातला गाडीवान निंगायच्या आंधी खिळीले हात नाई लावत काय रे?"

नव्हता लावत. जन्मभर मी वडिलांना गाडीत चढण्याआधी दोन्ही खिळी चाचपताना पाहिलं होतं, आणि नेमकं तेच विसरून अख्खं नाटक रचलं होतं.

बैल दौडले. दिवेलागणीला मुलगी झाली. दोघी वाचल्या.

पुढच्या तालमीत मी तिसरा अंक बदलला. थोरला चढण्याआधी खिळीला हात लावतो, भोक रिकामं लागतं, आणि तो वळून धाकट्याकडे नुसतं पाहतो. नटाने विचारलं, कसं पाहू? मी त्याला करून दाखवायला उभा राहिलो, आणि त्या दिवशी तालीम तिथेच थांबवावी लागली.