चिंचेने घासलेलं रिव्हॉल्व्हर

जुनं हत्यार माणसाला नम्र करतं, असं घाटेकाका म्हणत. हे वाक्य ते दर रविवारी, इथे परदेशात कोक्विटलामजवळच्या आमच्या नेमबाजी क्लबात, माझा टार्गेटचा कागद पाहून झाल्यावर उच्चारत. त्यामुळे नम्र कोणी व्हायचं, याबद्दल शंका उरत नसे.

काका मूळचे नागपूरचे, धातुशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. रिव्हॉल्व्हर घ्यायचे ते जुनंच, दुसऱ्याने वापरलेलं. घेण्याआधी ते रिकामं असल्याची दोनदा खात्री करत, मग कानाशी धरून त्याचं चक्र हळूहळू फिरवत आणि डोळे मिटून टकटक ऐकत. त्यांचं सगळ्यात लाडकं होतं पोलिसातून निवृत्त झालेलं एक.

"नव्याला काय माहीत असते जी? हे पाहा, नळीच्या टोकाचा काळा रंग गेला. वीस वर्षं कोण्या पोलिसाच्या कमरेला घासून राहिलं. मुठीवरची नक्षी मात्र शाबूत. म्हणजे बाहेर काढायची वेळ कमीच आली. सभ्य माणूस असेल."

मुलीसाठी स्थळाची चौकशी करावी तसं ते बोलत, आणि अर्धा क्लब हातातली कॉफी विसरून ऐकत उभा राही. माझं रिव्हॉल्व्हर कोरं करकरीत होतं, त्यांच्या चौपट महाग. ते पाहायला कोणी थांबत नसे. पंचवीस यार्डांवरून काकांच्या सहाही गोळ्या एका बशीत मावत. माझ्या गोळ्यांना परात लागे. करामत त्या जुन्या हत्याराची आहे, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली होती.

मग मी त्याच बनावटीचं, तितकंच जुनं एक शोधून काढलं आणि शस्त्रपूजेचं निमित्त करून काकांना दसऱ्याला जेवायला बोलावलं. आदल्या दिवशी माझी बायको मृदुला देवाची भांडी चिंचेने घासत होती. उरलेल्या चिंचेने मी रिव्हॉल्व्हर घासलं. साठ वर्षांचा काळा रंग उतरला आणि खालून चकचकीत पोलाद निघालं. पाटावर, ट्रिगरच्या कुलपासकट, ते समईपेक्षा उजळ दिसत होतं.

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"कशाने घासलं?"

"चिंचेने."

"गूळ नाही घातला?"

नळीवरून एकदा बोट फिरवून ते म्हणाले, "आता याला पहिल्यापासून म्हातारं व्हावं लागेल."

मृदुला पुरी वाढत म्हणाली, "घ्या काका. यांना नेम नाही, पण भांडी घासता येतात, हे तरी आज कळलं."

पुढे काकांना घराचे जिने झेपेनासे झाले आणि ते मुलीच्या लिफ्टवाल्या काँडोत, विमानाने पाच तास दूर ब्रॉसार्डला जायला निघाले. संग्रह विकला, पोलिसाचं तेवढं ठेवलं. मी निरोपाला गेलो. मागायचं नाही असं ठरवून गेलो होतो, दारातच मागितलं.

"न्या," काका म्हणाले. "बदल्यात तुमचं ते भांडं द्या मला."

दोन्ही हत्यारांच्या मालकांची नावं बदलायच्या कागदपत्रांना दीड महिना लागला. तेवढा काळ मी फार सुखी होतो. ते हाती आल्यावर पहिल्याच रविवारी मी काकांच्या रिव्हॉल्व्हरने सहा गोळ्या झाडल्या. दोन कागदाला लागल्या.

काही दिवसांनी ब्रॉसार्डहून पाकीट आलं. आत माझ्या त्या चिंचेने घासलेल्या रिव्हॉल्व्हरने भोकं पाडलेला टार्गेटचा कागद होता. सहाही भोकं मधल्या काळ्या वर्तुळात. खाली पेन्सिलीने लिहिलं होतं : "उजवा खांदा दुखून राहिला, म्हणून डाव्या हाताने."