ताठमानेने मान वळवली तो दिवस

ताठमाने हे काही त्याचं आडनाव नव्हे. बेटावरच्या होडीवाल्यांनी त्याला चिकटवलेलं नाव ते. बावीस वर्षं हा गडी नव्या जोडप्यांना बेट दाखवत हिंडतोय. हातात कोयता, पुढे हा, मागे ते दोघं. आणि एकदा झाडीत शिरलं की मागे वळून बघायचं नाही, हा त्याचा नेम. लग्नाला चार दिवस झालेली माणसं, हातात हात घालतील, अजून काय काय करतील, आपण कशाला डोळे घालायचे? "दगड आलाय हो, जपून!" हेसुद्धा समोर बघूनच. हॉटेलवाले म्हणायचे, जोडप्याबरोबर पाठवावा तर ताठमानेलाच.

त्या दिवशीचा नवरा चांगला आडदांड होता, बोलायला मात्र लोण्यासारखा मऊ. बायको बारीकशी, हसरी, होडीतून उतरताना हिनेच ताठमानेला हात दिला. "डास फार आहेत," त्याने नेहमीसारखं बजावलं, "बसला की हाणायचा. दयामाया नाही."

केळीच्या रानातून वर चढताना मागून चट्ट असा आवाज आला. थोड्या वेळाने आणखी एक, जरा जोराचा. ताठमानेला हसू आलं. "बसला का साहेब? हाणा, हाणा!" तो फांद्या छाटत ओरडला. मागून साहेबही हसले. मग बराच वेळ चटाचट चालूच राहिलं. पोरीचं बोलणं बंद पडलं होतं, पण चढण आहे, दम लागतो माणसाला, असं म्हणून हा आपला पुढे.

तिसऱ्या वळणावर हाक आली. "काका..."

ताठमानेचा पाय थबकला. मान मात्र वळली नाही.

"काही नाही हो, तुम्ही चला," साहेब म्हणाले, आणि हा चालायला लागला. चालायला लागला हो!

वर धबधब्यापाशी वाट संपते. तिथे त्याने जे ऐकलं तो डासाचा आवाज नव्हता. डोकं लाकडावर आपटल्याचा होता. ताठमाने गर्रकन वळला. त्या राक्षसाने पोरीचे केस मुठीत धरले होते आणि तो तिचं डोकं झाडाच्या बुंध्यावर आपटत होता, एकदा, दोनदा. ओठ फाटलेला. एक डोळा सुजून मिटलेला. दोन्ही गालांवर बोटंच बोटं, जुन्यावर नवी. "आईला फोटो पाठवतेय!" तो दातओठ खात म्हणाला. "मला न विचारता!" आणि त्याने तिला कड्याकडे फरफटत न्यायला सुरुवात केली. खाली पन्नास हातांवर नुसते खडक.

ताठमानेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आधी त्याने कोयता धबधब्यात भिरकावून दिला. हातात राहिला असता तर मुंडकंच उडवलं असतं त्याने. मग डोकं खाली घालून तो थेट त्या माणसाच्या पोटात घुसला. दोघं चिखलात लोळले. पहिल्याच ठोशाला ताठमानेचे पुढचे दोन दात गेले. नवऱ्याने त्याचा गळा आवळला, ताठमाने त्याच्या मनगटाला कडकडून चावला, तरी पकड सुटेना. डोळ्यांपुढे अंधारी आली. तेवढ्यात वरून धोंडा आला, चांगला दोन हातांनी उचललेला, आणि नवऱ्याच्या गुडघ्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज पाण्याच्या आवाजातही ऐकू आला. पोरगी उभी होती. तिने तोच धोंडा पुन्हा उचलला. आता डोक्यावर!

"नको पोरी," ताठमाने रक्त थुंकत म्हणाला. "याच्यापायी तू तुरुंगात जाशील. बस झालं. चल."

नवरा चिखलात गुरासारखा ओरडत पडला होता. त्याला न्यायला धक्क्यावरून पोलीस आणि चार माणसं पाठवू, असं ताठमानेने ठरवलं. त्याच्यासाठी तेवढं पुरे.

उतरताना त्याने तिला पुढे घातलं. "वाट एकच आहे, सरळ चल. मी मागे आहे, नजर ठेवून." बावीस वर्षांत पहिल्यांदाच तो कुणाच्या मागून चालत होता. तिच्या मानेवरून रक्ताचा ओघळ कुडत्यात उतरत होता, तो त्याला प्रत्येक पावलाला दिसत होता.

तिसऱ्या वळणावर ती थांबली. वळली.

"काका, मी इथे हाक मारली होती तुम्हाला. ऐकू नाही आली ना?"

हो म्हणणं किती सोपं होतं! पाण्याचा आवाज होता, पाखरं होती, चढण होती. तिने तर त्याला सुटायला वाटही करून दिली होती. ताठमानेने फुटलेलं तोंड पुसलं. त्याची मान, जन्मात कुणी पाहिली नसेल इतकी, खाली गेली.

"आली होती, पोरी," तो म्हणाला.