खालपर्यंत ओढलेलं ‘सौ.’

मित्रांनो, आज फार चुकलो.

शाळेच्या माजी शिक्षकांच्या मेळाव्याची निमंत्रणं मेल मर्जनं, म्हणजे यादीतली नावं पाकिटांवर आपोआप छापून, काढायची होती. एक्सेलच्या यादीत एका बाईंच्या नावाआधी ‘सौ.’ लिहिलं अन् तेच सगळ्या बायकांसाठी खालपर्यंत ओढलं. काम जल्दी झालं म्हणून खूश होतो.

आज मंठ्याहून आमच्या जुन्या बाई ते पाकीट घेऊन आल्या. त्यांचे मालक वारून सहा महिने झाले. मातीला मी स्वतः गेल्तो.

मान खाली घालून म्हणलो, “बाई, द्या ते. दुसरं देतो.”

“राहू दे. पोस्टमननं नाव वाचलं, तर क्षणभर वाटलं, हे आतच बसलेत.”

पाकीट त्यांनी पर्समध्ये जपून ठेवलं.

यादीतलं एकेक माणूस माझ्या ओळखीचं होतं. एकदा वाचायला कितीसा वेळ लागला असता?