अप्पांच्या दिव्याची काच: ठाणे, डहाणू, तलासरी

गरम काचेला ओला फडका लावू नये, हे मला बेचाळिसाव्या वर्षी कळलं. टक् असा आवाज आला आणि अप्पांच्या रॉकेलच्या दिव्याची काच दोन तुकड्यांत माझ्या हातात राहिली.

अप्पा म्हणजे माझे सासरे, निवृत्त शिक्षक. नोकरीच्या पहिल्या वर्षापासूनचा त्यांचा हा पितळी दिवा. घरात ट्यूबलाइट असूनही रोज संध्याकाळी तो लावून वाचतात. काच उचलताना नेहमी घडी केलेला रुमाल धरतात. जुन्या वस्तूचा मान, असं मी समजत होते. नाशिकला लेकीकडे जाताना दिवा माझ्यावर सोपवून गेले होते, आणि रविवारी संध्याकाळी परत येणार होते. "सांगून टाक ना," नवरा म्हणाला. सांगायचं काय, कपाळ!

शनिवारी सहालाच गाडी काढली. घोडबंदरला ट्रॅफिक, मनोरला घाईत ढोसलेला चहा, मग चारोटीहून डावीकडे डहाणू. रस्ता चांगला आहे, पण ट्रकांमुळे तीन तास धराच. वाटेत चिकूवाल्या बाई हाका मारत होत्या. एरवी मी थांबले असते.

डहाणूतल्या जुन्या सामानाच्या दुकानात चष्मा लावलेले गुजराती शेठ भेटले. त्यांनी दिवा उलटसुलट पाहिला. "हे भोकं बघा बेन. हवा इथून खालून येते. काच गरम झाली की हवा वर खेचते, म्हणून ज्योत उभी राहते. काच नाय तर नुसता धूर." वात सरळ कापा, कोपरे जरा गोल करा, गोडं तेल घालू नका, वात ते ओढत नाही, असंही बजावलं. (रॉकेल आता सहज मिळत नाही. दिव्याचं पातळ तेल ऑनलाइन मिळतं.) मग त्यांनी काचेचे तुकडे जुळवले आणि हसायलाच लागले. "अरे, आ तो बाटली छे!"

खरंच, वरचा भाग बाटलीचा गळा होता. इतकी वर्षं माझ्या डोळ्यांवर काय झापड होती कोण जाणे. शेठकडे त्या मापाची काच नव्हतीच. तिथूनच घरी परतायला हवं होतं, पण आता दुसराच किडा डोक्यात वळवळू लागला: ही बाटली बसवली कुणी? तलासरीच्या पुढे, डोंगराकडच्या गावात ज्या घरी अप्पा नोकरीच्या सुरुवातीला राहायचे, त्या घरच्या लेकीचं, जानकीताईंचं, नाव मी शंभरदा ऐकलं होतं. गाडी पुन्हा हायवेला घातली. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला चालत्या गाडीतूनच नमस्कार केला. देवी समजून घेईल.

जानकीताई अंगणात नाचणी पाखडत होत्या. साठी उलटलेली, हात मात्र चपळ. तुकडे पाहताच सूप खाली ठेवलं.

"ही मीच केलेली."

"म्हणजे?"

"रोज दिवा पुसायचं काम माझं व्हतं. एकदा गरम काचेला ओलं फडकं लावलं नि खरी काच फुटली. बापाचा मार आठवला नि सरबताची बाटली कापून बसवली. गुरुजींना कधी सांगितलं नाय. त्यांनी बी विचारलं नाय."

"अहो, पण मीही ओल्या फडक्यानेच फोडली!"

"मग काय, आपण दोघी सारख्याच."

त्यांनी नातवाच्या सरबताची बाटली रिकामी केली. रॉकेलमध्ये भिजवलेला दोरा बुडाशी बांधला, पेटवला, आणि बाटली थंड पाण्याच्या बादलीत बुडवली. बूड अलगद सुटलं. मग मला भाकरी आणि सुकटीची चटणी वाढून त्या तासभर कड दगडावर घासत बसल्या. मी घड्याळ बघत होते, त्या नाही. "गुरुजींना सांगू नका हां," निघताना म्हणाल्या. पैसे घेतलेच नाहीत.

घरी आले तेव्हा अंग आंबलं होतं. एका दिवसात डहाणू-तलासरी करू नका, मुक्काम करा, चिकू खा, समुद्र बघा. मी यातलं काहीच केलं नाही, आणि तरी नाचणीचं ते अंगण डोळ्यांपुढून हलत नाही.

रविवारी अप्पा आले, हातपाय धुऊन दिव्यापाशी बसले. मी दारात उभी. त्यांनी रुमाल काढला, काच उचलली, आणि थांबले. रुमाल बाजूला ठेवून कडेवरून सावकाश अंगठा फिरवला.

"या वेळी जानकीने कड चांगली घासलीय," म्हणाले, आणि काडी ओढली.