लांडोरीचा मका

येवल्याकडच्या रंगनाथसारखा भला माणूस पंचक्रोशीत नाही, असं लोक म्हणत. लोकांचं काय जातं? संसार त्याच्या बायकोला, कुसाबाईला करायचा होता. मका पेरायचा तो गाईसाठी, आणि नाल्याकडच्या चार ओळींना हा माणूस कधी विळा लावू द्यायचा नाही. "त्या पाखरांच्या," म्हणायचा. चौऱ्याण्णव साली पोपटांनी कणसं फस्त केली, पुढे रानडुकरांनी लोळून ताटं झोपवली, तरी याचं आपलं तेच. कुसाबाई बोलून बोलून थकली होती.

२००३च्या श्रावणात पावसाने दडी मारली. विहिरीच्या पाण्यावर जगवलेला मका रोज थोडा थोडा कापत शेवटी त्या चार ओळी उरल्या. त्यांच्यावर गाय आठवडाभर निभली असती, तोवर कदाचित पाऊसही आला असता. नाहीतर तिला कुसाबाईच्या भावाकडे इगतपुरीला पाठवायची. तिथे गवत उदंड, पण तिथल्या झडीत ही कोरड्या रानातली गाय टिकेल याचा भरवसा नव्हता. जन्मताच आई मेलेल्या या गाईला कुसाबाईने बोटाने दूध चाटवून वाढवलं होतं.

आणि नेमकी त्याच चार ओळींत लांडोर अंड्यांवर बसली.

"वीस दिवस थांब," रंगनाथ म्हणाला. "पिल्लं निघू दे."

"गाईला वीस दिवस एकादशी सांगू का?" कुसाबाई कडाडली. "तुम्हाला घरच्यापरीस रानातलंच लय प्यारं हाय!"

दुसऱ्या दिवशी तो बाजाराला गेला, तशी ती विळा घेऊन मक्यात शिरली. कापत कापत थेट लांडोरीपाशी आली. लांडोर हलेना. मान तेवढी खाली घातली.

"ऊठ की गं भवाने!"

नाहीच उठली. कुसाबाईचा नुसता संताप झाला. शेवटी लांडोरीभोवती खाटेएवढा मका तिने उभा ठेवला आणि बाकीच्या पेंढ्या गोठ्यात नेऊन टाकल्या. दोघींचंही भागलं, असं तिला वाटलं.

पण मोकळ्या रानात तेवढाच एक ठोंब उभा, तो कोणाच्या नजरेत भरणार नाही? दुपारी गावातली तीन कुत्री तिथे घुटमळू लागली. दगड मारले की पळायची, पाठ फिरवली की पुन्हा हजर. नवऱ्याला, लांडोरीला आणि स्वतःच्या अकलेला शिव्या घालत कुसाबाईने गाईपुढच्या पेंढ्या ओढून काढल्या, रानात आणल्या आणि त्या ठोंबाभोवती उभ्या करून दोरीने आवळल्या. गोठ्यातून गाय हंबरत होती. कुसाबाईला रडू फुटलं, आणि रडू आल्याचाही राग आला.

दिवस मावळताना रंगनाथ आला. ते कूड पाहून हळूच म्हणाला, "चांगलं केलंस."

"चांगलं? गाईच्या तोंडचं काढलं मी! सकाळी टेम्पो बोलवा."

सकाळी गाय टेम्पोत चढेना. दोघातिघांनी ढकललं, तरी पाय रोवून उभी. मग कुसाबाईच दावं धरून पुढे चढली, आणि तिच्यामागे गाय मुकाट्याने चढली. ते पाहून रंगनाथचा चेहरा उतरला. त्याने खाली पडलेला विळा उचलला.

"उतरव तिला. आत्ता जाऊन पेंढ्या सोडतो, उरला मकाबी कापतो."

कुसाबाईने टेम्पोतून उडी मारली आणि त्याच्या हातातला विळा हिसकावून घेतला.

"खबरदार! एकीला घराबाहेर काढली मी. दुसरीला नाय काढायची."